चाफ्याचे चोवीस फोटो

आधीच माफी मागते. माझं शुद्धलेखन कच्चं आहे आणि अक्षर त्याहून वाईट. चौथीनंतर वडिलांनी शाळा सोडवली. तेव्हापासून लेखणी हातात आली ती वाण्याची यादी करायला आणि महिन्याला एक पोस्टकार्ड लिहायला. ऱ्हस्व-दीर्घ अजून ध्यानात राहत नाही. ओळ सरळ सुरू करते, पण शेवटाला येईपर्यंत ती खाली उतरते. यजमानांच्या ऑफिसातून रद्दीत निघालेल्या एका रजिस्टरच्या कोऱ्या पाठींवर हे लिहिते आहे. कुणाला दाखवायचं नाही. तरी कुणाच्या हाती लागलंच, तर चुका पोटात घालाव्या.

लिहायचं आहे ते चाफ्याच्या फोटोंबद्दल. इतकी वर्षं झाली तरी त्या उन्हाळ्याची चिडचिड मनातून गेलेली नाही. नक्की कुणावर चिडले होते तेही सांगता येत नाही, म्हणून लिहून पाहते.

उज्जैनला माधव नगरात आम्हाला सरकारी क्वार्टर होतं. दोन खोल्या, पुढे पडवी, मागे आंगन आणि आंगनाच्या कोपऱ्यात नळ. माझे वडील तेव्हा उज्जैनलाच होते, संस्थानच्या बागखात्यात हिशेबनीस. काम कागदाचं, पण जीव झाडांत. माझ्या लग्नाच्या दुसऱ्या वर्षी, ज्या पावसाळ्यात शाळांवर तिरंगा चढला आणि मुलांना बुंदी वाटली, त्याच पावसाळ्यात ते एका फुटक्या मडक्यातून सोनचाफ्याचं वीतभर रोप घेऊन आले. बी लावून त्यांनी स्वतः वाढवलेलं. नळाच्या वाहत्या पाण्यापासून चार हात सोडून त्यांनी खड्डा खणला. आमच्याकडची काळी माती पाणी धरून ठेवते, चाफ्याची मुळं कुजतात, म्हणून निम्मी माती काढून रेती घातली. सासूबाई पडवीतून म्हणाल्या की बियाचा चाफा फुलत नाही म्हणतात. त्यावर वडील मान वर न करता म्हणाले, "फुलतो. आठ-दहा वर्षं घेतो. माणसाला दम नसतो, म्हणून फुलत नाही असं म्हणतात."

पुढे पेन्शन झाल्यावर ते साताऱ्याला माझ्या थोरल्या भावाकडे राहायला गेले. महिन्याला त्यांचं एक कार्ड येई. त्यात पावसाचं, भावाच्या मुलांचं, आणि शेवटची ओळ ठरलेली, "चाफा फुलला का?" मी उलट कार्डात लिही, अजून नाही. माझीही ती शेवटची ओळ.

आठव्या वर्षी भावाने लिहिलं की वडिलांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला आहे, आणि त्यांचं मन कशात लागत नाही. मला वाटलं, एक चांगली बातमी द्यावी. मी लिहिलं, चाफा फुलला, दोन फुलं आली. मला वाटलं होतं ते खूश होतील आणि विषय संपेल. पण मी वडिलांना ओळखत असूनही विसरले. आठवड्यात कार्ड आलं. कोणत्या फांदीला, कोणत्या तिथीला, पाकळ्या किती, रंग फिकट की केशरी? मी काय लिहिणार? उत्तर टाकलंच नाही. त्याच दरम्यान भाऊ कोर्टाच्या कामासाठी इंदूरला आला होता, तो एक दिवस आमच्याकडे येऊन गेला. झाडाला कळीसुद्धा नव्हती. त्याने साताऱ्याला जाऊन हसत हसत सांगितलं. पुढचं कार्ड वडिलांचं, मोठ्या मोठ्या वेड्यावाकड्या अक्षरांत: "माणसांच्या बाबतीत थोडं खोटं चालतं. झाडाच्या बाबतीत बोलू नये." त्यानंतर त्यांच्या शेवटच्या ओळीत एक शब्द वाढला. "चाफा खरोखर फुलला का?" महिन्याच्या महिन्याला तो "खरोखर" मला टोचायचा.

मग राज्यांची वाटणी नव्याने झाली. आमचा मध्य भारत मोडून मध्य प्रदेश झाला आणि राजधानी भोपाळला गेली. यजमानांचं ऑफिसही तिकडे जाणार होतं. हुकूम आला की जेठ संपायच्या आत क्वार्टर रिकामं करायचं. घरात बोऱ्यांत सामान भरायला सुरुवात झाली.

आणि त्याच चैत्रात चाफा फुलला.

पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी नळाला बादली लावली आणि वास आला. वर पाहिलं तर पानांच्या टोकाटोकांत पिवळं. मोजली, अकरा. बादली भरून वाहत होती, आणि मी मोजतच होते. दहा वर्षं शेणखत घातलं, उन्हाळ्यात भांडी विसळलेलं पाणी घातलं, आणि आम्ही निघायच्या वेळी याने फुलावं. आनंद झाला की राग आला ते आजही सांगता येणार नाही.

त्याच दुपारी कार्ड टाकलं. उत्तर भावाच्या अक्षरात आलं, कारण वडिलांना आता लिहिता येत नव्हतं. एक डोळा गेल्यातच जमा होता. दुसऱ्याने खिडकीपाशी बसलं तर थोडं दिसे, तेही महिन्यागणिक कमी होत होतं. डॉक्टर त्यांच्या छातीमुळे ऑपरेशनला तयार नव्हते. खाली लिहिलं होतं, "वडील विचारतात, हा कितवा खोटा चाफा?"

मी चार फुलं पाकिटात घालून पाठवली. चाफा हात लावला तरी काळा पडतो, हे मला माहीत होतं, तरी पाठवली. भावाने लिहिलं की पाकिटातून चिंचेच्या सालींसारखं काहीतरी निघालं, आणि वडिलांनी ते बोटांत चुरून टाकून दिलं. तेव्हा माझ्या डोक्यात फोटो आला. डोळा पुरता जायच्या आत माझ्या आंगनातल्या झाडावर माझा चाफा त्यांना दिसायला हवा होता. बाकी मला काही नको होतं.

शेजारच्या क्वार्टरमध्ये एक कानपूरकडची भाभी राहत होती. तिचे यजमान मालधक्क्यावर कारकून. तिचा देवर नोकरीवर जाताना एक डब्यासारखा कॅमेरा तिच्या अलमारीत ठेवून गेला होता. मी नळावर घाबरत घाबरत विषय काढला. ती म्हणाली, "इसमें क्या है बाईसाब, रील डलवाओ और खट्ट." रिळाला पैसे लागतात म्हटल्यावर तिने आपल्या तांदळाच्या डब्यातून काढून दिले. यजमानांकडे मी मागितले नाहीत. ते तेव्हा भोपाळला भाड्याचं घर बघण्याच्या खटपटीत होते, आणि झाडाच्या फोटोसाठी पैसे मागायला माझी जीभ उचलली नसती. भाभी म्हणाली, जाने से पहले दे देना. इतकंच ठरलं.

टावर चौकातल्या फोटोच्या दुकानात ती आत गेली, मी पदर दातांत धरून बाहेर पायरीवर उभी राहिले. पुरुषांच्या दुकानात बोलायची मला सवय नव्हती. तिने रीळ घालून घेतलं आणि आम्ही घरी आलो.

आमच्या घरात नवी वस्तू पहिल्यांदा आली की तिला हळदकुंकू लावल्याशिवाय वापरायची नाही. शिवणाचं मशीन आलं तेव्हा लावलं, यजमानांची सायकल आली तेव्हा लावलं. सासूबाईंनी कॅमेरा पाहिला, उसना आहे हेही ऐकलं, तरी म्हणाल्या की घरात पाऊल पहिलंच आहे. बोट पाण्यात बुडवून त्यांनी कुंकू घेतलं. कॅमेऱ्याला समोर एक गोल काच होती. त्यांना तेच कपाळ वाटलं. मी "आई, तिथे नको" म्हणायला तोंड उघडलं, तोवर बोट टेकलं होतं. नंतर स्वयंपाकघरात जाऊन मी ती काच पदराने खसखसून पुसली. त्या पदराला सकाळपासून फोडणीचे हात पुसलेले. काच मला लखलखीत दिसली.

तो कॅमेरा पोटाशी धरायचा आणि वरच्या छोट्या खिडकीतून खाली बघायचं. त्या खिडकीत झाड एवढंसं दिसे, आणि मी उजवीकडे सरकले की ते भलतीकडेच जाई. श्वास धरून, एक दिवस सकाळी, एक दिवस दुपारी, असे आठ फोटो काढले. दुकानातून ते आले, तेव्हा आठही फोटोंच्या मधोमध एक पांढरट ढग होता. ढगाच्या कडेने थोडी कौलं, थोडी भिंत. दुकानदाराने भाभीला विचारलं की लेन्सवर काय लावलं होतं. भाभी म्हणाली, टीका. तो आतल्या माणसाला हाक मारून म्हणाला, "सुनो, कैमरे को टीका लगा के लाए हैं. बारात निकली थी क्या?" दोघं हसले, भाभीही हसली. मी पायरीवर उभी होते, मला सगळं ऐकू येत होतं.

दुसरं रीळ. पैसे पुन्हा भाभीचेच. या वेळी काच दुकानदाराने स्वतः पुसून दिली, आणि मी कॅमेरा घरात न नेता भाभीकडून थेट आंगनात आणला. दहा पावलांच्या आत गेलं की फोटो अंधुक येतो असं त्याने सांगितलं होतं, म्हणून मोजून दहा पावलं मागे उभी राहिले. सूर्य पाठीशी घेतला. त्या दिवशी झाडावर तीसेक फुलं असतील. मालीण सकाळी देवाची फुलपुडी द्यायला आली तेव्हा फुलं विकत मागत होती, मी तिला हात लावू दिला नव्हता.

हे आठ फोटो फार सुंदर आले. प्रत्येक पान वेगळं मोजता येत होतं. नळ होता, बादली होती, दोरीवर सासूबाईंचं लुगडं होतं. फुलं मात्र नव्हती. एकही नाही. मी फोटो उलटसुलट केले. वाटलं, दुसऱ्याच कुणाच्या झाडाचे दिलेत. भाभी आत जाऊन विचारू लागली, तर दुकानदार म्हणाला की या रिळात पिवळा रंग काळा येतो, हिरवाही काळा येतो, काळ्यावर काळं कसं दिसणार?

तेव्हा मी पायरी चढून आत गेले. त्या दुकानात मी पहिल्यांदा तोंड उघडलं. म्हटलं, "हे आधी का नाही सांगितलं?" रागाच्या भरात मराठीतच बोलले. त्याला समजलं. तो शांतपणे म्हणाला, "बाई जी, आपने बताया कब कि फूल का फोटो है? ये तो पेड़ बोली थीं."

खरं होतं. भाभीने झाड सांगितलं होतं, कारण मी तिलाही नीट सांगितलं नव्हतं. वडील, डोळे, ती खोटी बातमी, यातलं काहीच मी कुणाला बोलले नव्हते. पायरीवर उभी राहून पदर चावला, त्याचे सोळा फोटो झाले.

मग मी सगळं सांगितलं. हिंदी-मराठी मिसळून, थांबत थांबत, पण सांगितलं. दुकानदार वयस्क होता. त्याने कपाटातून दुसऱ्या जातीचं रीळ काढलं, महाग होतं, पण त्यात पिवळा उजळ येतो म्हणाला. आणि एक छोटं भिंग दिलं, कॅमेऱ्याच्या काचेवर बसवायचं. ते बसवलं की साडेतीन फुटांवरून घेता येतं. भिंगाचे पैसे लावले नाहीत, परत आणून द्या म्हणाला.

हे चाललं होतं तोवर वैशाख निम्मा झाला. लू सुटली होती. सकाळी उमललेलं फूल दहा वाजेतो कडेने करपायचं. घरात अर्धी भांडी बोऱ्यांत गेली होती, रोज एखादी वस्तू सापडत नसे. सासूबाईंनी दुसऱ्या रिळाचे फोटो पाहिले आणि म्हणाल्या, "लेकरांचा एक फोटो नाही घरात, आणि झाडाचे सोळा." ते मला लागलं, कारण त्यात खोटं काही नव्हतं.

साडेतीन फूट म्हणजे फांदी खाली ओढून धरायला हवी. मी धरली तर फोटो कोण काढणार? म्हणून भाभीने काढायचा आणि मी धरायची असं ठरलं. मी तिला शपथ घातली की माझं तोंड येता कामा नये. सकाळी ऊन भिंतीवर चढल्याबरोबर सुरुवात केली. पहिल्या वेळी वारा आला. दुसऱ्या वेळी फांदी माझ्या हातून सुटून वर गेली. तिसऱ्या वेळी भाभी खट्ट करून मग म्हणाली, अरे, तयार थीं ना? चौथ्यानंतर ती रीळ फिरवायची विसरली आणि त्याच जागेवर पाचवा घेतला. मी चिडून काही बोलले, तर ती म्हणाली, "तो आप खींचो, मैं डाल पकड़ती हूँ, मेरा मुँह भी आ जाए तो चलेगा." मग आम्ही दोघी थोड्या हसलो. हसता हसता सहावा निघाला. असे करत रीळ संपलं.

आठांतला एक चांगला आला. एकच. खोडामागून माझा हात पुढे आलेला, हातात हिरव्या बांगड्या, चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला भरलेल्या, आणि बोटांच्या वर फांदीच्या टोकाला पूर्ण उमललेलं एक फूल. पांढरं, पेटवल्यासारखं. पाकळ्या मोजता येत होत्या. मागे आमचा नळसुद्धा ओळखू येत होता. मी तो जुन्या कॅलेंडरच्या पुठ्ठ्यांत घालून साताऱ्याला पाठवला. सोबत लिहिलं: पश्चिमेकडच्या फांदीला, पाकळ्या बारा, रंग केशरीकडे झुकणारा. दोन वर्षांपूर्वी विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं.

त्याच दिवसापासून मालिणीला येऊ दिलं. झाड आता भरात होतं. ती पहाटे येऊन अर्धवट उमललेली फुलं टोपलीत घेऊन जाई, देवळाच्या वाटेवर विके, आणि आठवड्याला माझ्या हातावर पैसे ठेवी. सासूबाईंना कळलं तेव्हा म्हणाल्या की घरचं फूल मागेल त्याला द्यावं, विकू नये. आमच्याकडे तशीच रीत. मी त्यांना आयुष्यात उलट उत्तर दिलं नव्हतं. त्या दिवशी म्हणाले, "आई, हे झाड आपल्याबरोबर येणार नाही. भाभीचं देणं मात्र येईल." दुसऱ्या दिवशी मालीण आली तेव्हा खालच्या फांदीवरची फुलं त्यांनीच दाखवली.

भावाचं पत्र आलं ते मी नळापाशी उभ्यानेच वाचलं. वडिलांनी फोटो खिडकीत नेला होता. डोळ्याजवळ धरला, लांब धरला, मग नाकाशी नेला. म्हणाले, पांढरं काहीतरी दिसतं. भावाने सांगितलं, ते फूल आहे. त्यावर त्यांनी पुन्हा पाहिलं आणि म्हणाले, "फूल मला दिसत नाही. बांगड्या दिसतात. हात तिचाच आहे, अंगठा माझ्यासारखा. झाड शेजाऱ्यांचं असेल."

मी ते पत्र चुरगाळलं. खरंच चुरगाळलं. मग सरळ केलं, कारण मागच्या बाजूला मुलांच्या शाळेच्या दाखल्याबद्दल काही लिहिलं होतं. चोवीस फोटो, दोन महिने, दुकानात झालेलं हसं, आणि त्यांनी पाहिला तो माझा अंगठा. मी स्वतःला लपवत होते, आणि मीच तेवढी दिसले. त्या दिवशी मी भाकऱ्या करपवल्या. यजमानांनी फोटोंचं सगळं तेव्हा ऐकलं. ते म्हणाले की मला सांगितलं असतंस तर ऑफिसातल्या एका माणसाकडे चांगला कॅमेरा आहे. हे ऐकून तर मला रडू आलं.

निघायच्या आठवड्यात आणखी एक कार्ड आलं. अक्षर भावाचं, मजकूर वडिलांचा. साताऱ्यात अजून पाऊस नाही, खोकला बरा आहे. मी शेवटची ओळ आधी वाचली, सवयीने. तिथे "चाफा खरोखर फुलला का" नव्हतं. लिहिलं होतं, "बी धरलं की कळव. पिकल्यावर लाल होतं. पाखरं आधी खातात, तेव्हा लक्ष ठेव. ताजंच पेरावं लागतं."

मी दोनदा वाचलं. फोटो पटला, की पाकळ्या बारा हे पटलं, की अंगठा, ते त्यांनी कधी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. आनंद होण्याआधी माझ्या मनात आलं ते हे, की बी धरेल पावसाळ्यानंतर, आणि तेव्हा आम्ही भोपाळला असू. वडिलांना दहा वर्षं दम निघाला, आणि मला चार महिने राहायला मिळणार नव्हते.

सामान टांग्यात चढत होतं तेव्हा मी भाभीकडे गेले. तिला बियांचं सांगितलं. लाल झाल्या की काढ, कागदात बांधून पाठव, उन्हात ठेवू नकोस. ती म्हणाली, चिड़ियों से लड़ूँगी, जाओ. मग मी पदराची गाठ सोडली. तीन रिळं आणि फोटोंची धुलाई मिळून देणं नऊ रुपये सहा आणे होतं. पाच रुपये मी आधीच दिले होते. उरले चार रुपये सहा आणे. पण चैत्रापासून रुपयाला शंभर असे नवे पैसे सुरू झाले होते, आणि मालिणीने मला जे दिले होते त्यात जुनं-नवं मिसळलेलं. आम्ही दोघी तिच्या उंबऱ्यावर बसलो. चार रुपये झाले. सहा आण्यांचे नवे पैसे किती, यावर अडलं. ती म्हणाली सदतीस, मी म्हटलं साडेसदतीस होतात, आणि अर्धा पैसा सरकारने काढलेला नाही. ती म्हणाली, छोड़ो. मी अडतीस मोजून तिच्या हातात ठेवले. तिने ते तांदळाच्या डब्यात टाकले, झाकण लावलं, आणि म्हणाली, "हो गया बाईसाब, पूरा."